एकटेपणा निर्मूलन उपसमिती

आमच्या संकुलात सूर्य एकटा उगवत नाही. पहाटे साडेपाचपासून माझ्या मोबाईलवर चाळीसेक सूर्य उगवतात. कुणाचा डोंगराआडून येतो, कुणाचा समुद्रातून, कुणाचा थेट चहाच्या कपातून. प्रत्येकाखाली एक सुविचार असतो, आणि पाठवणाऱ्याचा त्या सुविचाराशी काही संबंध असलाच पाहिजे असा नियम नाही. परवा 'मौन हीच खरी वाणी' असं लिहिलेला सूर्य आला. पाठवणाऱ्या बाई डायनिंग हॉलमध्ये समोर येऊन बसल्या की आमची आमटी निवून जाते.

भारतातले फोन सारखे का गोठतात, याचा शोध गूगलच्या मंडळींनी घेतला होता. २०१८ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. कारण सापडलं ते ही शुभ सकाळ. फुलं, सूर्य, देव आणि गुटगुटीत बाळं यांनी फोन गच्च भरलेले! मग त्यांनी असली चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय केली. आमच्या संकुलात ती कुणी वापरत नाही. आलेला सूर्य पुसायचा म्हणजे दारी आलेल्या माणसाला पाणीही न विचारता घालवायचं, अशी इथली समजूत आहे.

संकुल तळेगावच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत आहे. खास ज्येष्ठांसाठी. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशी धोक्याचं बटण, उंबरठा कुठेच नाही, खाली चोवीस तास सिस्टर. माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं हसत हसत बॅडमिंटन खेळतंय. इथं राहायला आल्यापासून मी त्या दोघांना शोधते आहे. आमच्या बॅडमिंटन कोर्टावर उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळतात.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. इकडून पुणं, तिकडून नागपूर जोडून द्यायचं आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून तसं सांगायचं. ऑर्डिनरी कॉल लागायला कधी कधी अर्धा दिवस जायचा, अर्जंटला जास्त पैसे पडायचे आणि लाइटनिंगला कितीतरी पट. लाइटनिंग कुणी बुक केला की बोर्डावरच्या आम्हा बायकांच्याच पोटात गोळा यायचा. एवढ्या भांडवलावर संकुलाने मला तंत्रज्ञ ठरवून टाकलं आहे. "तुम्ही टेलिफोनमधल्या ना?" असं म्हणत लोक येतात आणि मोबाईल पुढे करतात. माझ्या वेळी फोनला तार होती, तार तुटली की लाइनमन यायचा आणि मला स्वतःला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. त्यावर लोक "किती नम्र आहेत बाई" असं म्हणतात आणि मोबाईल ठेवून जातात.

तेव्हा उपसमिती झाली त्या दिवशी तांत्रिक सदस्य म्हणून माझं नाव कुणी न विचारताच लिहिलं गेलं, यात नवल नाही.

त्याचं असं झालं. बी विंगमधल्या बँकवाल्या काकांना ह्यूस्टनच्या मुलाने एक बातमी पाठवली. २०२३ साली अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी देशाला इशारा दिला, की माणसांपासून तुटून राहणं हे रोज पंधरा सिगरेटी ओढण्याइतकं जिवावर बेतू शकतं. काकांनी ही बातमी मासिक सभेत मोठ्याने वाचली. पाटबंधारे खात्यातले अण्णा, ज्यांची सिगरेट हृदयाच्या ऑपरेशनने सोडवली, ते खुर्चीत ताठ बसले.

"म्हणजे मी चार माणसांत राहायला आलो, तेव्हापासून माझ्या रोजच्या पंधरा वाचल्या?"

"तसा त्याचा अर्थ नाही, अण्णा."

"वाचल्या की नाही ते सांगा."

"एका अर्थी वाचल्या."

"मग त्यातल्या दोन द्या."

आमचे सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच माहिती पुरवली, की ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला आणि २०२१ मध्ये जपाननेही. मंत्री नेमणं संकुलाच्या अधिकारात बसत नसल्यामुळे त्यांनी उपसमिती नेमली. नाव 'एकटेपणा निर्मूलन उपसमिती'. देवी आणि हिवताप यांच्यानंतर आता आमचा नंबर होता.

आधी पाहणी करायची ठरली. घरोघर एक कागद दिला. त्यावर प्रश्न एकच: 'आपणांस एकटे वाटते काय? होय / नाही / सांगता येत नाही.' अण्णांनी लिहिलं, 'होय, आणि कृपया तसेच राहू द्यावे.' ए विंगच्या एका फ्लॅटमधून दोन कागद आले. नवऱ्याने 'नाही' लिहिलं होतं आणि बायकोने 'होय'. ते दोन्ही कागद चुकून एकाच टाचणीला लागून परत गेले आणि त्या घरात आठवडाभर 'होय' असंच वातावरण राहिलं. आमच्या घरी आमच्या ह्यांनी 'सांगता येत नाही' वर खूण केली. मी विचारलं, का सांगता येत नाही? ते म्हणाले, "मध्ये बोलायला मिळालं तर सांगीन."

पहिला ठराव शुभ सकाळचाच झाला. सकाळी आठपर्यंत ज्यांचा सूर्य ग्रुपवर येणार नाही, त्यांची बेल सिक्युरिटीच्या पोराने वाजवायची आणि दार उघडलं नाही तर सिस्टरनी जादा किल्ली घेऊन जायचं. कल्पना टाकाऊ नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंची साखर पहाटे एकदम उतरली होती, ते सूर्य आला नाही म्हणूनच कळलं. तेव्हापासून मीही सूर्य पाठवते.

पण आमच्याकडे संस्कृतच्या बाई आहेत. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आता इथल्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, बाईंनी फॉरवर्ड सोडले, आणि तेही मनातल्या मनात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सव्वाआठला बाईंच्या दारात सिक्युरिटी, सिस्टर, व्हीलचेअर, सेक्रेटरी आणि निव्वळ उत्सुकतेपोटी आलेले आम्ही सगळे. बेल वाजवून दमलो. शेवटी जादा किल्ली फिरवली. आत बाई पाटावर डोळे मिटून ध्यानाला बसलेल्या. सिस्टरनी हळूच जाऊन नाडी धरली. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आहे."

आता त्या रोज आठला दोन मिनिटं कमी असताना ग्रुपवर एकच शब्द टाकतात: 'अस्मि.' खाली वीस अंगठे येतात.

विम्यातल्या अप्पांनी यातून वेगळी वाट काढली. पहाटे उठायचा कंटाळा, म्हणून ते रात्री बाराला ठोका पडला की दुसऱ्या दिवसाचा सूर्य पाठवून झोपतात. त्यामुळे रात्रीतून अप्पांचं काही बरंवाईट झालंच, तरी सकाळी आठला ते कागदोपत्री ठणठणीत असणार. जन्मभर विमा विकलेल्या माणसाने ही फट शोधली याचं सेक्रेटरींना मनातून कौतुक वाटत असावं.

तसं जिवंत असण्याचा पुरावा देणं आम्हाला नवं नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. २०१४ पासून तो ऑनलाइन देता येतो आणि २०२१ पासून बोटाचा ठसासुद्धा लागत नाही, मोबाईलसमोर चेहरा धरायचा आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. कुणाचा मोतीबिंदू कालच काढलेला, कुणाची पापणी उचलतच नाही, कुणी दोन्हीऐवजी एकच डोळा मिचकावतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कॉरिडॉरमध्ये सत्तरी ओलांडलेले गृहस्थ भिंतीशी उभे राहून मोबाईलकडे पाहत डोळे मारत असतात. समोरून नव्याने राहायला आलेल्या एक वहिनी चालल्या होत्या. त्या तशाच मागे वळल्या आणि ऑफिसात जाऊन "इथलं वातावरण कसं आहे?" असं विचारून आल्या. मात्र आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी, चहा आणि हशा त्याच आठवड्यात असतो. जिवंत आहोत हे सरकारला पटवताना सगळेच जरा टवटवीत दिसतात.

उपसमितीची पहिली मोठी खरेदी म्हणजे डबा. डबा म्हणजे बोलणारा स्पीकर. त्याची कंपनी कुठली ते सांगत नाही. आमच्या हॉलमध्ये तो देवाच्या तसबिरीखाली ठेवला आहे आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आहे. त्याला हाक मारली की आतून एक बाई बोलते. पहिले काही दिवस तिला अगं म्हणायचं की अहो, यावर एकमत होईना. "परक्या बाईला अगं कसं म्हणू?" असं म्हणून पहिल्या मजल्यावरच्या माई तिच्याशी अहोजाहो करायला लागल्या. संस्कृतच्या बाईंनी एका संध्याकाळी मोठ्या अपेक्षेने "पुरिया धनाश्री लाव" असं सांगितलं. डब्याने पुऱ्यांच्या चार पाककृती सापडल्याचं कळवलं. बाईंनी तिचे उच्चार सुधारायला घेतले. आजही संध्याकाळी हॉलवरून गेलं तर "'ष' म्हण. पोटफोड्या 'ष'," असा आवाज ऐकू येतो.

खरी कोंडी अण्णांची झाली. अण्णांना गप्पा नको असतात, त्यांना वाद लागतो. त्यांनी डब्याला विचारलं, पानशेत कधी फुटलं? डबा म्हणाला, १२ जुलै १९६१. हे बरोबरच होतं, त्यामुळे अण्णा नाराज झाले. मग त्यांनी ते का फुटलं यावर आपलं मत मांडलं. डबा म्हणाला, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अण्णांनी मुद्दाम उलटं मत मांडलं. डबा म्हणाला, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे.

"अहो, मग आधीचं काय झालं?"

"गैरसमजाबद्दल क्षमस्व. मी तुम्हाला आणखी काय मदत करू?"

अण्णा थरथरत माझ्याकडे आले. "ही बाई तत्त्वाची नाही. आमच्या खात्यात याच विषयावर चहा निवायचे, माणसं बोलायची बंद व्हायची. आणि ही क्षमस्व म्हणते! हिला बदलून मिळेल का?" मी म्हटलं, अप्पांशी बोला की. अप्पा आणि अण्णा यांचं पार्किंगवरून फाटलेलं होतं. पण डब्याबद्दल अप्पांचीही तक्रार होतीच. त्यांनी तिला पॉलिसी समजावून सांगितली आणि ती म्हणे लगेच पटली. इतक्या सहज पटलेलं गिऱ्हाईक अप्पांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. दोघे आता हॉलच्या पायरीवर बसून डब्याला नावं ठेवतात आणि ती संपली की पार्किंगवर येतात.

यंत्राशी मन मोकळं करायची हौस नवी नाही म्हणा. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम दाखवला. त्याला काही कळत नव्हतं. आपण जे टाइप करू त्याचाच प्रश्न करून तो परत विचारायचा. 'मला उदास वाटतं' असं लिहिलं की 'तुम्हाला कधीपासून उदास वाटतं?' एवढंच. पण त्यांच्याच सेक्रेटरीने, जिला हे सगळं माहीत होतं, दोन-चार वाक्यांनंतर प्राध्यापकांना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबॉम पुढे जन्मभर या गोष्टीने अस्वस्थ होते. मला कळेना, इतकं काय त्यात! "असं? बरं. मग?" एवढ्या तीन शब्दांवर आमच्या ह्यांनी हाच प्रोग्राम चाळीस वर्षं चालवला, आणि मी एकदाही संशय घेतला नाही.

डब्यानंतर सेक्रेटरींची नजर जपानकडे वळली. तिथल्या ताकानोरी शिबाता नावाच्या संशोधकांनी पारो नावाचं सीलचं पिल्लू बनवलंय. पांढरं, केसाळ, मांडीवर घेता येईल एवढं. गोंजारलं की डोळे उघडझाप करतं, हाक मारली की मान वळवतं. जपानात आणि डेन्मार्कमधल्या वृद्धाश्रमांत ते विसराळू झालेल्या आज्यांच्या मांडीवर बसतं आणि त्या खरोखर शांत होतात. सीलच का, तर मांजर-कुत्रं सगळ्यांना माहीत असतं, लोक लगेच त्यात खोट काढतात. खरं सीलचं पिल्लू घरी कसं वागतं हे कुणाला ठाऊक नसतं. ही युक्ती मला फार आवडली. पुष्कळ स्थळं अशीच ठरलेली आहेत.

सभेत किंमत निघाली. सहाएक हजार डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या घरात.

"पाच लाखांत चांगल्या तीन म्हशी येतील," माई म्हणाल्या.

"म्हैस मांडीवर घेता येत नाही, माई."

"सील दूध देतं का?"

इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आहे. पण मग सेक्रेटरींनी कुत्र्याचाही विषय काढला. जपानी कंपनीचा आयबो नावाचा यांत्रिक कुत्रा १९९९ पासून विकला जात होता. पुढे कंपनीने त्यांची दुरुस्ती थांबवली, तेव्हा सुटे भाग मिळेनात. मग चिबा प्रांतातल्या एका जुन्या देवळात मालकांनी बंद पडलेल्या कुत्र्यांवर रीतसर अंत्यसंस्कार करवून घेतले. पुजारी, मंत्र, धूप, सगळं. हे ऐकून सभा गप्प झाली. मग संस्कृतच्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "श्राद्धाला तिथी कुठली धरायची? बंद पडल्याची, की चार्जिंग संपल्याची?" यावर दोन तट पडले. कुत्राही आला नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२२ पासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना एक टेबलावरचं यंत्र दिलंय, ते आपण गप्प बसलो तर स्वतःहून विषय काढतं, पाणी प्यायलात का विचारतं, फिरून या म्हणतं. ते सेक्रेटरींनी सुचवताच सगळ्यांनी एकमताने मौनवाल्या बाईंकडे पाहिलं. न विचारता सल्ला देण्यात संकुल आधीच स्वयंपूर्ण होतं.

ही झाली उपसमितीची यंत्रं. मुलांनी पाठवलेली वेगळी. ती आमच्या एकटेपणावर कमी आणि मुलांच्या काळजीवर जास्त असतात, पण इलाज आमच्या भिंतीवर होतो. बँकवाल्या काकांच्या ह्यूस्टनच्या मुलाने स्वयंपाकघरात कॅमेरा लावून घेतला. तिकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत इथं सकाळचे साडेदहा होतात, म्हणजे काकांची लाडू खायची वेळ. काकांना मधुमेह. पहिल्याच दिवशी काकांनी लाडवांचा डबा उघडला तर भिंतीतून आवाज आला, "बाबा, झाकण लावा." काकांच्या हातून लाडू पडला. तो उचलायला वाकले, तर मनगटावरच्या दुसऱ्या मुलाच्या घड्याळाला वाटलं काका पडले. घड्याळाने सिस्टरना फोन लावला, दोन्ही मुलांना लावला आणि सूनबाईंनाही. दोन मिनिटांत काकांच्या स्वयंपाकघरात तीन टाइम झोनमधली माणसं एकदम बोलत होती आणि मध्ये तो लाडू.

काकांनी एक उपाय म्हणून कॅमेऱ्यावर पंचा टाकला. "बाबा, अंधार का झाला?" मग ते लाडू घेऊन लिफ्टमध्ये जायला लागले. तिथं संकुलाचा कॅमेरा. आता काकांचा लाडवांचा डबा आमच्याकडे असतो. घड्याळ घरी चार्जिंगला लावून रोज साडेदहाला ते येतात, एक लाडू खातात (मी दुसरा देत नाही) आणि बारापर्यंत बँकेच्या राष्ट्रीयीकरणापासून सगळं सांगतात. आमचे हे 'असं? बरं. मग?' चालवतात. उपसमितीच्या अहवालात हे 'कॅमेऱ्यामुळे वाढलेला सामाजिक संपर्क' या सदराखाली आलं आहे.

आमची लेक कॅलिफोर्नियात असते. तिकडे मार्चमध्ये घड्याळं पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे, त्यामुळे आपलं त्यांचं अंतर साडेबारा तासांचं की साडेतेरा, यावर आमच्या घरात वर्षातून दोनदा कडाक्याचं वाजतं. व्हिडिओ कॉलवर तिला आमचं कपाळ आणि त्यावरचा पंखा दिसतो. फोन सरळ धरा म्हणाली की फक्त पंखा दिसतो. मागच्या दिवाळीत ती बोलता बोलता गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगा शिडी घेऊन दारात. "मॅडमनी फॅन पुसायला सांगितलाय." सात समुद्रांपलीकडून अ‍ॅपवर. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत बारसं, बदली, आजारपण, भावाचं भांडण, सगळं बसायचं आणि वर 'तब्येत सांभाळ' म्हणायला पाच सेकंद उरायची. मी स्वतः ऐकलंय. (कानावर पडायचं. आम्ही मुद्दाम ऐकायचो नाही. फारसं.) आता पाऊण तास फुकट असतो आणि त्यातला बराचसा "ऐकू येतंय का" मध्ये जातो. उरलेल्या वेळात काय जेवलात हे विचारतात. एवढ्या लांबून विचारतायत म्हणून आम्ही जरा बरं काहीतरी सांगतो.

मुलंसुद्धा आपल्या परीने थापा मारतातच. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." याचा वचपा सेक्रेटरींनी काढला. मुलाचा फोन आला की तेही म्हणतात, "मीटिंगमध्ये आहे." एकदा भजनाच्या वेळी हॉलमधला ब्लूटूथ स्पीकर कसा कोण जाणे त्यांच्या फोनला चिकटला. 'रूप पाहता' म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून सेक्रेटरींचा खोलीतला आवाज आला: "नाही रे, अजिबात वेळ नाही. इथली सगळी माणसं माझ्यावर अवलंबून आहेत. आत्ता तर माझी मीटिंग चालू आहे." त्यापाठोपाठ त्यांच्या टीव्हीवरचं मालिकेचं शीर्षकगीत आलं. आम्ही टाळ खाली ठेवून ऐकलं. भजन संपल्यावर चौघेजण त्यांच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "मीटिंगला आलोय." त्या मीटिंगा आता रोज साडेसातला, मालिका लागते त्या वेळी होतात.

ब्रिटनमधल्या एका मोबाईल कंपनीने २०२४ मध्ये डेझी नावाची आजी तयार केली. कृत्रिम बुद्धिमत्तेची. तिचं काम एकच: फसवणूक करणाऱ्यांचे फोन घ्यायचे आणि मांजराच्या, विणकामाच्या गोष्टी सांगून त्यांचा वेळ खायचा. बातमी वाचून मला त्या कंपनीची कीव आली. केवढा खर्च केला असेल! आमच्या पहिल्या मजल्यावर माई आयत्या आहेत.

माई शहाऐंशीच्या. एक मुलगा सिडनीला, एक बंगळुरूला. परवा दुपारी जेवायला आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले. दार लोटलेलं. आत माई नऊवारीवर शाल घेऊन बसलेल्या, समोर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, आणि मोबाईलमध्ये पोलिसाच्या वेषातला एक माणूस. मला पाहताच माईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. साहेब बोलतायत. मला अटक झालीय."

डिजिटल अटक नावाचं कायद्यात काही नसतं, हे पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओवर सांगितलं होतं. पण त्या वेळी माई झोपलेल्या असणार. मी दाराआडून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लावला आणि लागेपर्यंत ऐकत उभी राहिले. (ही सवय काही जात नाही.)

"माताजी, आप के नाम का पार्सल पकड़ा गया है," साहेब म्हणत होते. त्यांचा घसा बसलेला होता. हे ते सकाळपासून म्हणत असावेत.

"तेच तर म्हणते मी, चिवडा होता ना त्याच्यात? बंगळुरूवाल्याला पाठवला होता. पोचला नाही तो नाहीच."

"माताजी, कमरे से बाहर नहीं जाना है. कैमरा बंद नहीं करना है. दिनभर हमारे सामने बैठना है."

"बसते की! तुम्ही पण बसणार ना दिवसभर? मग जेवणाचं काय करता? टोपी काढून ठेवा, उकडत असेल. आणि ते वरचं बटण तुटलंय, बायको नाही का घरी?"

"माताजी, आप का बैंक खाता…"

"खातं मुलगा बघतो. थांबा, त्याचा फोटो दाखवते. हा धाकटा. हा मोठा. हे आमचे हे, सांगलीला बदली झाली तेव्हाचे. तुम किधर के? बोलो ना. आई आहे?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग साहेबांनी अगदी खालच्या सुरात विचारलं, "घर में और कोई है? किसी और को दीजिए." माईंनी सांगितलं, दुसरं कुणी नाही, म्हणून तर तुमच्याशी बोलत्येय, आणि सांगलीच्या पुराकडे वळल्या. इतक्यात माझा १९३० लागला. मी तक्रार सांगायला पुढे झाले, तशा माई कडाडल्या, "मध्ये तोंड घालू नका! तुमची ती तीन मिनिटांची खोड!" त्या गडबडीत साहेबांनी स्वतःच फोन ठेवला.

मी माईंना सगळं समजावून सांगितलं. तो पोलीस नव्हता, तो चोर होता, तुमचे पैसे लुटायला आला होता, देवाने वाचवलं. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चोर का असेना. पण पुराचं अर्ध्यावर राहिलं ना त्याचं ऐकायचं. जरा परत जोडून द्या."

"माई, तो नंबर आता लागायचा नाही."

"तुम्ही टेलिफोनमधल्या ना?"

"हो, पण…"

"मग अर्जंट लावा."

"अर्जंटनेही नाही लागत, माई."

माईंनी कनवटीला हात घातला, छोटा बटवा सोडला आणि त्यातली घडी केलेली नोट माझ्या हातावर ठेवली.

"लाइटनिंग लावा."